सागरदेवीसाठी शिवलेले जोडे

मनीमाजऱ्याच्या बाजारात एका चिनी बूटवाल्याचं दुकान होतं. बदलीने चंदीगडला आल्यापासून मी चपला तिथेच करून घेई. तो अबोल होता. त्याची म्हातारी आई मात्र आतल्या बाजेवर टाके घालत बसलेली असायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याशी बोलायची. माझं माहेर मालवणचं हे कळलं तेव्हा तिने हातातलं काम खाली ठेवलं.

"तुम समुंदर का पास का लड़की?"

ती कलकत्त्याची. तिथल्या चिनी वस्तीत त्यांच्या सागरदेवीचं जुनं देऊळ होतं, समुद्र ओलांडून आलेल्या खलाशांनी आणि सुतारांनी उभारलेलं. धाकटा मुलगा जहाजावर फिटर म्हणून गेला तेव्हा ती नवस बोलली होती, की दरवर्षी देवीला नवे जोडे वाहीन, पोराला सांभाळ. मग बासष्टची लढाई झाली आणि सगळं कुटुंब राजस्थानातल्या छावणीत डांबलं गेलं. सुटल्यावर एका नातेवाइकाच्या आधाराने ते इकडे आले. शहर सोडायचं तर पोलिसांची परवानगी लागे, आणि दुकान चालवणारा थोरला ती मागायलाच घाबरे. नवस राहिला. पुढे धाकट्याची पत्रं बंद झाली. देवी रागावली, असं म्हातारीने मनाशी धरून ठेवलं होतं.

ह्यांची नोकरी सेक्टर तीसमधल्या, संरक्षण खात्याच्या प्रयोगशाळेत. कामानिमित्त ते कलकत्त्याला निघाले तेव्हा मीही बरोबर जायचं ठरवलं. म्हातारीने लाल रेशमाचे, वीतभर लांबीचे जोडे माझ्या हातात दिले.

सामान भरताना ह्यांनी ते पाहिले. "चिनी माणसाची वस्तू? अगं, माझी नोकरी काय आहे, ठाऊक आहे ना?"

"देवीचे जोडे आहेत हो."

"विचारणाऱ्याला ते कोण सांगणार?"

मी जोडे साडीच्या घडीत ठेवले. कालका मेलमध्ये ह्यांनी ती पेटी स्वतःपासून दूर, माझ्या बाकाखाली सरकवली.

देवळात मी एकटीच गेले. अरुंद गल्लीत खाली सुतारकाम चाललेलं, आणि अंधारा जिना चढून वर देवी. धुराने काळवंडलेला चेहरा, कपाळावरून उतरलेली मण्यांची झालर. शेजारी दोन रक्षक, एक लांबचं पाहणारा, एक लांबचं ऐकणारा. एक बाई डोळे मिटून पुटपुटत होती. वडील गलबतावर असले की माझी आई दर्याला नारळ देताना अशीच पुटपुटायची.

पुजाऱ्याने माझं म्हणणं ऐकून घेतलं आणि चंद्रकोरीसारखे दोन लाकडी तुकडे हातात घेतले. एक उताणा आणि एक पालथा पडला, तर देवीने स्वीकारलं. त्याने ते टाकले. दोन्ही पालथे. पुन्हा टाकले, पुन्हा तसेच. तिसऱ्यांदाही तेच.

"उसको बोलो, खुद आए," तो म्हणाला.

परत आल्यावर मी जोडे म्हातारीच्या हाती ठेवून तिला सगळं खरं सांगितलं. ती रडली नाही. चार दिवसांनी ती स्वतःच पोलिसांकडे परवानगी मागायला गेली. मुलगा मागून विनवण्या करत होता. कशाला जायचंय असं विचारल्यावर तिने भाबडेपणाने सांगून टाकलं, की निरोप त्या मराठी बेटीने आणलाय.

साध्या वेशातला एक माणूस ह्यांच्या ऑफिसात येऊन गेला. तुमची पत्नी चिनी वस्तीत कशासाठी गेली होती? ह्यांचं परदेशातलं प्रशिक्षण जवळपास ठरलं होतं, ते दुसऱ्याला मिळालं. कारण कुणी सांगितलं नाही. घरी येऊन हे नेहमीसारखे जेवले. मला शब्दानेही लावून बोलले नाहीत, आणि तेच मला सोसवेना.

हिवाळ्यात म्हातारीला परवानगी मिळाली. कलकत्त्याहून आली ती हसतच. "हाँ बोला देवी!" तिने धाकट्यासाठी नवी बाज विणून घेतली.

तो आला नाही. पत्रही आलं नाही. हे मधूनच विचारत, "आला का गं तिचा मुलगा?" मी नाही म्हणे. त्या बाजेकडे पाहून वाटे, तीन वेळा मिळालेला तो नकारच तिच्यापाशी राहिला असता तर बरं झालं असतं का? दोन हिवाळे वाट पाहून म्हातारी गेली.

काही वर्षांनी थोरला दुकान विकून कॅनडाला निघाला. भाऊ केव्हाच बुडाला असणार, असं तो आईच्या माघारी नेहमी म्हणायचा. निरोप घ्यायला घरी आला तेव्हा त्याने चहाचा कप खाली ठेवला.

"भाभीजी, नया पता डाकिये को दे दिया है," तो म्हणाला. "भाई का ख़त आए तो..."