मुदतवाढीची बातमी

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. बायकोसमोर नाही, सख्ख्या भावासमोर नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जातंय का? असेल. सुरुवात तरी करतो.

वाळूजच्या एमआयडीसीत माझा छोटा कारखाना आहे. दारं-खिडक्यांच्या बिजागऱ्या बनवतो. मूळचा सोयगावकडचा. आधी एका मोठ्या कंपनीत होतो, मग नोकरी सोडली आणि भाड्यानं शेड घेतली. भिंतीला भिंत लागून शकीलची शेड. तोही बिजागऱ्याच बनवायचा. एकाच मालाचे दोघं शेजारी, म्हणजे रोजची भांडणं असणार असं लोकांना वाटायचं. तसं काही नव्हतं. त्याची डाय, म्हणजे पत्रा कापायचा साचा, तुटली की माझी जायची, माझा पत्रा संपला की त्याचा यायचा. डबा एकत्र खायचो. अशी माणसं किती मिळतात?

आणि एक काम माझ्याकडं होतं. आमच्या भागातल्या लहान कारखानदारांचा व्हॉट्सअॅप ग्रुप आहे. जीएसटीतले बदल, विजेचे नवे दर, दिल्लीहून निघणारे हुकूम — सगळं इंग्रजीत आणि वकिली भाषेत येतं. मी ते वाचून सोप्या मराठीत ग्रुपवर टाकायचो. शकील तर ग्रुपही उघडत नव्हता. सकाळी शटर वर करता करता विचारायचा, "दत्ता, सरकार काय म्हणतंय आज?" मी सांगेन तेच त्याचं सरकार.

मग तो हुकूम आला. बिजागऱ्यांवर सरकारी मानकाचा शिक्का सक्तीचा. परवाना नसेल तर ठरलेल्या तारखेनंतर माल बनवायचाही नाही, विकायचाही नाही. परवान्यासाठी कारखान्यातच तपासणीची यंत्रं पाहिजेत, ती चालवणारा माणूस पाहिजे, मग तपासनीस येणार. ग्रुपमध्ये बिजागरीवाले आम्ही दोघंच. बाकीचे गाड्यांचे सुटे भाग बनवणारे, त्यांना याचं काय?

शकीलला मी सगळं नीट समजावलं होतं. हे खरं आहे. लपवाछपवी नंतरची.

झालं असं, की त्या दिवसांत शकील बदलला. म्हणजे मला तसं दिसायला लागला. दुपारीच इस्त्रीचा शर्ट घालून कुठंतरी जायचा. कुठं विचारलं तर "जरा सिल्लोडला काम होतं" म्हणून विषय बदलायचा. मी आत शिरलो की फोनवरचं बोलणं थांबवायचा. एकदा दोन अनोळखी माणसं गाडीतून आली. शेडभर फिरली, प्रेस मशीन निरखून पाहिली, किती कामगार आहेत ते विचारलं. मी आमच्या दोन शेडच्या मधल्या दारात उभा होतो. त्यानं माझी ओळखसुद्धा करून दिली नाही.

माझ्या डोक्यात एकच आलं — यानं परवान्याचा एजंट गाठलाय. माझ्या आधी शिक्का मिळवणार आणि तारीख उलटली की माझं गिऱ्हाईक ओढणार. मीच याला सगळं समजावून सांगितलं आणि हा माझ्याच पाठीमागं उद्योग करतोय. त्याच्या हसण्यात मला खोट दिसायला लागली. डब्यातली भाजी पुढं सरकवली तरी वाटायचं, आज एवढं प्रेम का?

तो मुसलमान म्हणून मला हे इतक्या पटकन वाटलं का? मी स्वतःला विचारलंय. 'नाही' असं ताडकन म्हणवत नाही.

आणि मग बातमी आली. लहान कारखान्यांना मुदतवाढ. आम्ही दोघंही त्यात बसत होतो. मी ती दोनदा वाचली आणि ग्रुपवर टाकली नाही. त्या दिवशी विजेच्या दरांबद्दल काहीतरी टाकलं.

शकीलनं डबा उघडता उघडता विचारलं, "काही आलं का रे? लई कानावर येतंय, मुदत वाढणार म्हणून."

मी म्हणालो, "नाही. अफवा आहेत."

एवढंच. आवाजही बदलला नाही माझा.

इथपर्यंतचं सांगणं तसं जमतं. माणूस संशयाच्या भरात चुकतो, असं तुम्ही मनात म्हणाल. मीही कित्येक दिवस तेच म्हणत होतो. पण हे संपलं नाही इथं.

पुढच्याच आठवड्यात शकील लग्नाचं कार्ड घेऊन आला. त्याच्या मुलीचं, नाझियाचं लग्न ठरलं होतं. पाहुणे सिल्लोडचे. शेडमध्ये आलेली ती दोन माणसं म्हणजे मुलाचे वडील आणि चुलते. सोयऱ्याचा धंदा कसा आहे, ते बघायला आलेले. शकील म्हणाला, "पहिलं कार्ड तुला. नाराज नको होऊ. आधी एकदा ठरून मोडलं होतं ना, म्हणून अम्मीनं कसम घातली होती, पक्कं होईपर्यंत कुणाला बोलायचं नाही. तुझ्यापासून लपवताना मलाच कसंतरी व्हायचं."

मग म्हणाला, "आणि प्रेस विकतोय. एक पार्टी आलीय. तारीख जवळ आली, परवाना काय मला झेपत नाही. लग्नानंतर बघू काहीतरी."

प्रेस अजून विकलेल्या नव्हत्या. नीट ऐका — विकलेल्या नव्हत्या. कार्ड माझ्या हातात होतं, तो समोरच्या खुर्चीवर बसला होता, आणि माझा संशय खोटा होता हे मला कळून चुकलं होतं. 'थांब, मुदत वाढलीय' एवढं बोलायचं होतं. पण मग तो विचारणार, तुला कधी कळलं? मला त्या एका प्रश्नाची भीती वाटली. मी चहा मागवला. म्हणालो, "बघ बाबा, तुला योग्य वाटेल ते कर."

मशीन ट्रकवर चढवताना मी हात लावायला गेलो होतो. लग्नात पंगतीला वाढलं. त्याचा जालन्याचा व्यापारी पुढं माझ्याकडं माल मागायला लागला आणि मी दिला.

मुदतवाढीचं त्याला उशिरा कळलं. भेटला तेव्हा म्हणाला, "मुदत वाढली होती म्हणे?" मी म्हणालो, "हो रे, मलाही फार उशिरा समजलं." तो माझ्याकडं बघत राहिला. मग म्हणाला, "चल, नसीब."

त्या बघण्यात काय होतं? त्याला माहीत होतं? तेव्हापासून माझं असं झालंय, की कुणी काही सांगितलं की वाटतं, अर्धं गिळलंय यानं. ग्रुपवर कुणी गप्प बसला तरी खटकतं. शेडमध्ये दोघं कामगार हळू बोलत असले की मी आवाज न करता जवळ जातो. सगळे माझ्यासारखेच असतील, तर मला कोण खरं सांगणार?

शकील आता शहागंजात एका हार्डवेअरच्या दुकानात काउंटरवर असतो. दुसऱ्यांच्या बिजागऱ्या विकतो.

हल्लीच एका सकाळी त्याचा फोन आला. घाईत होता. "दत्ता, कळलं का? तो शिक्क्याचा हुकूमच मागं घेतला सरकारनं. आत्ता दुकानात एक कंपनीवाला सांगून गेला. म्हटलं आधी तुला सांगावं."

मी ते आदल्याच दिवशी वाचलं होतं. त्याला फोन करावा, असं मनात आलंही नव्हतं.

म्हणालो, "काय सांगतो? तुझ्याकडूनच कळतंय."

"बरं झालं," तो म्हणाला. "तुझी तरी कटकट मिटली."

पलीकडं कुणीतरी स्क्रू मागत होतं. त्यानं फोन ठेवला. तो खरंच आनंदानं सांगत होता, की मी काय बोलतो ते बघत होता? अजून मी त्याच्या आवाजात तेच शोधतोय. म्हणजे खोटं मी बोललो, आणि तपासतोय त्याला.

मला बातमी कळली होती. वेळेवर कळली होती. त्यानं तोंडावर विचारलं आणि मी नाही म्हणालो. नंतर त्याची काही चूक नाही हे कळल्यावरही गप्प बसलो. त्याचा कारखाना सरकारनं नाही बंद पाडला. मी पाडला.