द्वारकामावशींची पात

संध्याकाळी सहाला गोदामाचा भोंगा वाजला की आमची माणसं फाटकाकडे अशी सुटत की विचारू नका. बाहेर गावोगावच्या जीपा उभ्या असत, आणि बसायला जागा हवी तर पळण्यावाचून इलाज नव्हता. त्या पळापळीत एकच बाई उलटं तोंड करून उभी राहायची. फाटकाच्या मधोमध, दोन्ही हात कमरेवर. आणि आत पाहून खड्या आवाजात हाळी द्यायची, ‘‘मागं कोण राह्यलं गंऽऽ?’’ शेवटची बाई धावत येता येता ‘‘कोणी न्हाई, चला!’’ म्हणाली की मगच तिचा पाय फाटकाबाहेर पडायचा.

पहिल्याच दिवशी हा प्रकार माझ्या डोक्यात गेला. मी नवाकोरा सुपरवायझर. वय सत्तावीस, गळ्यात ओळखपत्र, खिशाला दोन पेनं. कुंभार पिंपळगावातून जालन्यात येऊन मिळालेली पहिली नोकरी, त्यामुळे शिस्त म्हणजे काय ते जगात फक्त मलाच कळत होतं. मी म्हणालो, ‘‘मावशी, आत कॅमेरे बसवलेत. कोण राहिलं ते दिसतं त्यात.’’

‘‘दिसतं रे लेकरा,’’ त्या म्हणाल्या, ‘‘पण कॅमेरा हाक मारतो का?’’

मी पेन काढलं आणि उगाचच वहीत काहीतरी लिहिलं.

ह्या द्वारकामावशी. केदारखेड्याच्या. उंच, हाडापेरानं दणकट, कपाळावर गोंदण, साडीवर कंपनीचा निळा एप्रन. कंपनीचे बूट घालून पहिले दोन दिवस त्या चिखलातून चालल्यासारख्या चालल्या. वीस वर्षं त्यांनी बायांची खुरपणीची टोळी चालवली होती. भोकरदनच्या रस्त्याला हे गोदाम उघडलं आणि बायका घेणार असं कळलं, तेव्हा त्या एकट्या आल्याच नाहीत. आख्खी टोळी घेऊन आल्या. अकराजणी, एकाच जीपमध्ये. भरती करणाऱ्याने विचारलं, ‘‘तुमच्यापैकी कोणाकोणाला काम हवंय?’’ मावशी म्हणाल्या, ‘‘आम्ही सुट्ट्या मिळत न्हाई.’’

काय दिवस होते ते! नवं गोदाम, रंगाचा वास अजून गेलेला नाही, छताला भिडलेली मांडणी, आणि साबण, तेल, बिस्किटं, वह्या यांच्या खोक्यांचे डोंगर. सकाळी आत शिरलं की अंगात वीज आल्यासारखं व्हायचं. प्रत्येकीच्या हातात काढायच्या खोक्यांची यादी आणि तिचा नंबर टाकलेलं यंत्र. दांडा धरून खोक्यावर रोखायचं, लाल उजेड पडतो, टुक्क वाजतं, की खोका तिच्या नावावर लागला. मावशी त्याला पिस्तूल म्हणायच्या. ‘‘सकाळी पिस्तूल, सांजच्याला भाकरी. माझ्यावानी बाई हाय का कुठं?’’ असं म्हणून स्वतःच खदाखदा हसायच्या.

टोळीत सर्वांत धाकटी संगीता. चौथीत शाळा सुटलेली, आणि मांडणीमधल्या आमच्या गल्ल्यांना नावं इंग्रजी अक्षरांची. आकडे तिला येत, पण अक्षर दिसलं की पोरीचे पाय जमिनीला खिळायचे. मी तिला कागदावर सव्वीस अक्षरं लिहून दिली आणि पाठ करायला सांगितली. मोठं काम केलं असं मला वाटलं. दोन दिवसांनी पाहतो तर त्या कागदात तिने मिरच्या बांधून आणलेल्या.

मावशींनी तिला एका जेवणाच्या सुट्टीत सगळं शिकवलं. हात धरून गल्लीगल्लीतून फिरवलं. ‘‘हे बघ, एच म्हणजे शिडी. वाय म्हणजे बेचकं. ई म्हणजे दाताळं. एस म्हणजे साप, त्याला भ्यायचं न्हाई. आन् ओ म्हणजे भाकर, ती तर तुला बराबर सापडंल.’’ दुसऱ्या दिवसापासून गोदामात आवाज घुमू लागले, ‘‘संगे, भाकरीत सात नंबर!’’ ‘‘सापात तेल संपलं!’’ मी आधी चिडलो, मग हसलो. आठ दिवसांनी एका ट्रकवाल्याला मीच म्हणालो, ‘‘भाऊ, हा माल शिडीत लावा.’’ तो माझ्याकडे बघतच राहिला.

पण कंपनीचा नियम कडक होता. पहिले तीन महिने परीक्षेचे. दर सोमवारी भिंतीवर नावांची यादी लागे आणि ज्याचं टार्गेट भरत नाही त्याचं नाव लाल. तीन महिन्यांअखेर लाल राहिला तो घरी. संगीताचं नाव पहिले दोन सोमवार लालच होतं. यादीपाशी उभी राहून ती पदर चावत होती. मावशी माझ्याकडे वळल्या. ‘‘हिचं एकटीचं नाव असं वायलं काढून भिंतीला कशाला लावलं?’’

‘‘नियम आहे मावशी.’’

‘‘बरं,’’ एवढंच म्हणाल्या. त्यांचं ‘बरं’ ऐकून मी सावध व्हायला हवं होतं.

खुरपणीत प्रत्येक बाई आपली पात धरते, म्हणजे या बांधापासून त्या बांधापर्यंतच्या दोन-तीन ओळी. एखादी मागे पडली तर जिची पात आधी लागते, म्हणजे संपते, ती घरी जात नाही. फिरून समोरच्या बांधावर जाते आणि मागे राहिलेलीची पात दुसऱ्या टोकाकडून धरते. मधे कुठेतरी दोघी भेटतात, कंबर सरळ करतात, हसतात. ‘‘एकीची पात राह्यली तर वावर राह्यलं,’’ मावशी म्हणत. तिसऱ्या आठवड्यात मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. काम संपवलेल्या दोघी संगीता होती त्या गल्लीत दुसऱ्या टोकाने शिरल्या आणि आपल्या पिस्तुलात तिचा नंबर टाकून खोके काढू लागल्या.

मी बघून न बघितल्यासारखं केलं. खोटं कशाला बोलू? दयेपोटी नाही. आमच्या गोदामाचे आकडे झकास दिसत होते, पुण्याच्या मुख्य कचेरीतून शाबासकी येत होती, आणि माझेही तीन महिने परीक्षेचेच होते.

घोळ झाला तो दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात. माल तुफान. संगीता अंगात ताप घेऊन आली होती. शेवटच्या तासाला बाकीच्या सगळ्यांचं काम आटोपलं आणि दहाच्या दहाजणी तिच्या कामावर तुटून पडल्या. दहाही जणींनी तिचाच नंबर टाकला! दुसऱ्या दिवशी पुण्याहून फोन. ‘‘तुमच्याकडे ही संगीता कोण आहे? एका तासात अकरा माणसांचं काम? तेही एकाच वेळी सहा गल्ल्यांत? आणि बाकी दहाजणींच्या नावापुढे भोपळा?’’

मी धावत मावशींकडे गेलो. ‘‘अहो, सगळ्यांनीच कशाला तिचा नंबर टाकला? थोडाथोडा टाकायचा ना!’’

‘‘थोडं कसं?’’ त्या खरोखर चकित झाल्या. ‘‘पात धरली की ती तिची. तिच्या पातीत मी माझं गवत वायलं काढू का?’’

दोन दिवसांनी पुण्याच्या मॅडम आल्या. शांत बाई, पण नजर अशी की पेन खिशातून खाली पडावं. अकराजणींना ओळीत उभं करून त्यांनी मला विचारलं, ‘‘हे चालतं, हे तुम्हाला माहीत होतं?’’

मी वहीची पानं चाळू लागलो. तेवढ्यात मावशी पुढे झाल्या. ‘‘त्या लेकराला बिलकुल ठाऊक न्हाई. समदं मी शिकवलं.’’ आणि मी, दोन पेनांचा सुपरवायझर, मान खाली घालून गप्प राहिलो. आजही आठवलं की स्वतःच्या थोबाडीत द्यावीशी वाटते.

मॅडम म्हणाल्या, ‘‘ठीक. आता एक तास. प्रत्येकीला आपली यादी, आपला नंबर. जिची यादी पुरी होणार नाही तिने उद्यापासून येऊ नये. मावशी, हे तुम्हालाही लागू.’’

सुटला की हो तो तास! ट्रॉल्यांची चाकं खडखडू लागली, टुक्क टुक्क टुक्क, माझी छाती त्याहून जोरात. मी संगीताच्याच मागे. ती ओठातल्या ओठात पुटपुटत होती, ‘‘शिडी चार… साप नऊ… भाकर, भाकर, भाकर दोन…’’ एकदा बेचक्यात चुकीच्या खोक्याला हात लावला, थांबली, परत पाहिलं, बरोबर उचलला. दहा मिनिटं राखून पोरीची यादी संपली! मी लाजलज्जा सोडून टाळ्या पिटल्या. एकेकीचं काम संपत आलं, बाया नाचायच्याच बाकी होत्या.

मग संगीताने वळून पाहिलं. मावशींची ट्रॉली अर्धीसुद्धा भरली नव्हती. गुडघा धरून धरून त्या वाकत होत्या. तीन महिने ही बाई स्वतःच्या यादीवर कमी आणि दुसऱ्यांच्याच यादीवर जास्त होती. आख्खी यादी एकटीने संपवायची सवयच तिला उरली नव्हती. इतके दिवस तिचं नाव भिंतीवर काळं दिसत होतं, कारण तिचीही पात कोणीतरी न बोलता धरत होतं. हे मला त्या क्षणी कळलं. सुपरवायझर म्हणे!

संगीता फिरून मावशी होत्या त्या गल्लीच्या दुसऱ्या टोकाला गेली. मॅडमच्या डोळ्यांसमोर तिने पिस्तुलात मावशींचा नंबर टाकला. मावशी ओरडल्या, ‘‘संगे, माघारी फिर! नोकरी जाईल, येडे!’’ संगीता म्हणाली, ‘‘जाऊ द्या की!’’ आणि पहिला खोका काढला. टुक्क. तिच्या मागे दुसरी, तिसरी, सगळ्याच.

मला काय झालं देव जाणे. मी टेबलावरचं पिस्तूल उचललं, मावशींचा नंबर टाकला आणि मॅडमना म्हणालो, ‘‘मला माहीत होतं. तिसऱ्या आठवड्यापासून.’’ आणि सरळ सापाच्या गल्लीत घुसलो.

तास भरायला दोन मिनिटं असताना शेवटचा खोका निघाला. मॅडमनी अकराही ट्रॉल्या स्वतः तपासल्या. एकही खोका चुकीचा नव्हता. मग मावशींना म्हणाल्या, ‘‘तुम्ही नियम मोडलात, ते लेखी द्यावंच लागेल.’’ मावशी म्हणाल्या, ‘‘द्या. पण भिंतीवर लावू नका.’’ मॅडम हसल्या. पहिल्यांदाच.

पंधरा दिवसांत मावशींना दोन कागद आले. एक ताकीद, दुसरा बढती! परभणीकडे नवं गोदाम उघडत होतं, तिथल्या बायांना शिकवायला द्वारकामावशी हव्या होत्या. आमच्याकडची यादीही बदलली. आता भिंतीवर टोळीचं नाव लागतं. संगीता कायम झाली. मीही झालो, ओरडा खाऊन. मावशींनी दोन्ही कागद एकाच पिशवीत घातले. मी म्हणालो, ‘‘मावशी, त्या दिवशी तुम्ही मला वाचवलंत. मी गप्प बसलो.’’

‘‘पात मागं पडल्ती तुझी,’’ त्या म्हणाल्या. ‘‘लागली की नंतर.’’

त्यांच्या शेवटच्या दिवशी मी आत खोलीत अहवाल लिहीत बसलो होतो. मुद्दामच. निरोप घ्यायचा म्हटलं की माझे डोळे दगा देतात. भोंगा वाजला, पळापळ झाली, आणि फाटकातून हाळी आली, ‘‘मागं कोण राह्यलंऽऽ?’’ आवाज संगीताचा होता.

तीन महिन्यांत या हाकेला मी कधी उत्तर दिलं नव्हतं. ती माझ्यासाठी असते असं मला वाटलंच नव्हतं. मी वही मिटली आणि ओरडलो, ‘‘मी! मी राहिलोय!’’

बाहेर जीप सुरू होती आणि कोणीही बसलेलं नव्हतं. अकराजणी फाटकात उभ्या होत्या. द्वारकामावशी कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, ‘‘मंग ये की जल्दी. तुझ्यासाठीच थांबून राह्यलो.’’