तवाना म्हणजे शेपूट नव्हे

"उद्या ये बेटा. आज पाय नाही म्हनून राह्यला," खलीलचाचा पलंगावरूनच म्हणाले. त्यांचा पाय रोजच नाही म्हणायचा.

मी फिजिओथेरपिस्ट. मलकापुरात घरोघरी जाऊन ऑपरेशन झालेल्यांना हलवते, म्हणजे अक्षरशः हलवते. चाचा उर्दू शाळेतले रिटायर्ड मास्तर. खुब्याचं ऑपरेशन छान झालं, पण त्यांनी पलंग काही सोडला नाही. भेटायला येणारा प्रत्येक जण सफरचंदं ठेवून "आराम करो" सांगून जायचा. असं पडून राहिलं की मांडीचे स्नायू वाळतात आणि माणूस कायमचा अंथरुणाला खिळतो. मला त्याची खरंच भीती वाटत होती.

सर्जनचा फोन आला.

"पेशंट वॉकरवर आला?"

"नाही सर."

"मग तिथं करता काय?"

"फारसी शिकते."

खोटं नव्हतं. व्यायामाचं नाव काढलं की चाचा एखाद्या शब्दाचं मूळ उकरत बसत.

फोन ठेवून मी म्हटलं, "चाचा, जरा उभे राहा. एकदम ताजेतवाने व्हाल."

"ताजा मालूम आहे. तवाना म्हंजे काय, सांग."

"चहाबिहा म्हणतो ना, तसंच. मागचं नुसतं शेपूट." मला खरंच तसं वाटत होतं.

चाचा भडकले. "शेपूट? अवो, फारसी लफ्ज आहे तो! तवान म्हंजे ताकद. तवाना म्हंजे ताकदवाला. शबाना, लुगत आन!"

लुगत म्हणजे शब्दकोश. सून आतून ओरडली, "अब्बा, हात पिठाचे आहेत!"

"राहू द्या चाचा, शेपूटच असेल," मी आगीत तेल ओतलं आणि वॉकर पुढे सरकवला.

चाचा उठले. पहिल्या पावलाला कण्हले, दुसऱ्याला मला जाहिल, म्हणजे अडाणी, म्हणाले. कपाटाशी पोचल्यावर तो जाडजूड ग्रंथ काढायला दोन्ही हात लागणार, म्हणून त्यांनी वॉकर सोडला. मी मागे हात पसरून उभी. चाचांनी पानावर बोट ठेवलं. "हे पाह्य! तवाना: जोरावर, म्हंजे ताकदवाला." मग त्यांनी खाली, स्वतःच्या पायांकडे पाहिलं.

शबाना पिठाच्या हातांनीच डोळे पुसत दारात उभी होती. मलाही भरून आलं.

"झालात की तवाने," मी म्हटलं.

"अभी नाही. अभी सिर्फ ताजा," चाचा म्हणाले. "तवाना कपाटापासून पलंगापर्यंत चालल्यावर."

सर्जननी विचारलं, कोणता व्यायाम दिलात? शब्दार्थ, मी सांगितलं. पुस्तकात ताकद असते म्हणतात. असेलही, पण ते पेशंटच्या उशाशी ठेवू नये.