टेकडीमागची चकाकी

सन दोन हजार पंचवीस. पौष महिना. म्हशाची यात्रा उरकलेली, भात झोडून घरात आलेलं, वाल शेंगेला लागलेला. हे आधी सांगतो, कारण सरकारी माणसांनी पहिलं तेच विचारलं आणि मी न अडखळता सांगितलं. पुढचं मात्र आजही सांगताना जीभ अडते. तुम्ही चहा घ्या. हसायचं असेल तर कप आधी खाली ठेवा.

शेणव्याजवळ आमचं गाव. दुपार कलताना मी खळ्यावर पेंढा रचत होतो. सहज वर पाहिलं तर टेकडीमागे आभाळात चांदीसारखी वस्तू! लटकलेली. पंख नाहीत, आवाज नाही. जरा डावीकडे सरकली, थांबली, परत जागेवर आली. पाखरू असं करतं का? विमान करतं?

पारावर जाऊन सांगितलं. शेजारी दामू खो खो हसला.

"आबा, मोतीबिंदू पिकलाय तुमचा. काढून घ्या."

"माझ्या गोफणीचा दगड अजून चुकत नाय. डोळा कसा चुकंल रे?"

"मग आपल्याच मुलखातलं कायतरी असंल."

"लाव पैज! ती वस्तू आपल्या मुलखातली निघाली, तर माझा तुरेवाला कोंबडा तुझा. नाय निघाली, तर भर पारावर म्हणायचं, आबाचं खरं."

पारावरचे सगळे वळून बघायला लागले. त्या कोंबड्यानं माझ्या जिवावर कितीतरी गटाऱ्या सुखरूप काढल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सरकारी कचेरीत गेलो. खिडकीतला म्हणाला, "पाखरू असेल तर जंगलखात्यात जा. विमान असेल तर पोलिसात."

"काय हाय तेच कळत नाय."

"मग आधी ठरवून या."

"साहेब, ते ठरवायला सरकार हाय ना?"

त्यानं पेन खाली ठेवलं. मी बाकावर बसलो. भाकरी तिथंच खाल्ली. दुसऱ्या दिवशी परत तोच बाक, तीच भाकरी. तिसऱ्या दिवशीही. शेवटी मला हलवण्यापेक्षा जीप हलवणं त्यांना सोपं वाटलं असावं.

तोवर गावात काय झालं? सगळ्यांना दिसायला लागलं! एकाला त्यात दिवा दिसला, एकीला खिडकी. दामूच्या बायकोला तर खिडकीत माणूस दिसला. मला एवढं काही दिसलं नव्हतं. पण आपले साक्षीदार आपणच कशाला मोडायचे?

घरात मात्र मी चकार शब्द काढला नाही. बायकोला कशाला घाबरवा? आणि ती घरात असायची कुठे? दिवसभर टेकडीपलीकडे, वालाच्या वावरात. आमच्यात भात माझं, वाल तिचा. मी तिकडे फिरकत नाही. शेंगांवर राघू पडतात म्हणाली, तेव्हासुद्धा बसल्या जागेवरून सांगितलं, चमकतं काहीतरी बांध आणि मला विचारू नको.

तर जीप आली. एक मॅडम आणि एक हवालदार.

"आजोबा, नक्की काय पाहिलंत?"

"दाखवतोच चला. ऊन तापलं की चढते, गारवा आला की उतरते."

मॅडमनी ते लिहून घेतलं. हवालदार पुटपुटला, "एसटीपेक्षा बरी हाय. टाइम तरी पाळते."

टेकडी चढलो. पुढे मी, मागे सरकार, त्यामागे गाव. आणि होती की नाही! वर, लखलखत! हवालदारानं टोपी घट्ट धरली. दामूचं तोंड उघडं ते उघडंच.

"बोल की रे आता!"

"आबा, तुमचं..."

तेवढ्यात मॅडम म्हणाल्या, "दिसतंय खरं. पण हातात आल्याशिवाय अहवालात लिहू काय?"

तिथं मी थांबायला हवं होतं. दामू बोलणारच होता हो! पण हात कुठला थांबतो? कमरेची गोफण सोडली. पहिला दगड वाया. दुसरा गरगरवला, सोडला. फट्!

वस्तू चुरगळत करवंदीच्या जाळ्यांमागे पडली. गाव ओरडलं. मी मिशीवरून हात फिरवला आणि पुढाऱ्यासारखा उतरू लागलो.

समोरून बायको वर आली. हातात चांदीच्या माशाचा चोळामोळा, त्याला लांबच लांब दोरा.

"कोण मेल्यानं फोडला रे फुगा?"

फुगा! म्हशाच्या यात्रेत मीच घासाघीस करून घेतलेला, माशाच्या आकाराचा, गॅसचा. कल्याणची नात आटगाव स्टेशनावर उतरणार होती, तिच्यासाठी. नात आलीच नाही, फुगा राहिला.

"हा हितं कसा?" मिशीवरचा हात खाली आला.

"राघूंसाठी बांधला. तुमीच म्हणालात ना, चमकतं कायतरी बांध! उन्हात टम्म होऊन वर जायचा, गारठला की वालावर येऊन बसायचा."

"अगं, अख्खा गाव रोज हितं आभाळात बघतोय! तुला कोण बोललं नाय?"

"बोलले की. मीपण रोज वर बघत होते. आपला फुगा सोडून मला काय दिसलंच नाय!"

मॅडमनी मान खाली घातली. खांदे हलत होते. हवालदारानं विचारलं, "मॅडम, वस्तू कुणाची लिहू?"

"तक्रारदाराची."

"आणि पाडली कुणी?"

"तक्रारदारानंच."

दामू नुसती मान वाकडी करून, एका डोळ्यानं, अगदी कोंबड्यासारखं माझ्याकडे बघत राहिला.

सकाळी तुरेवाला काखेत घेतला, दामूच्या खुराड्यात सोडला आणि घरी आलो.