रिकाम्या खुर्चीतले सर

इंग्लंडमधल्या वॉटफर्डच्या लायब्ररीत दर मंगळवारी मी हौसेनं इंग्रजी शिकवायला जायचे. तेव्हा मी जेमतेम अडुसष्ट वर्षांची पोर, त्यामुळे आपल्याला सगळं कळतं अशी खात्री होती.

वर्गात एक इंडोनेशियन मुलगी यायची. नर्सिंगच्या प्रवेशासाठी मुलाखत तोंडावर आलेली आणि हिच्या तोंडून शब्द फुटेना. मात्र खिडकीजवळच्या रिकाम्या खुर्चीसमोरून जाताना ती कमरेत वाकायची, उजवा हात खाली धरायची आणि 'एक्स्क्यूज मी' म्हणायची. तिच्या गावी वडीलधाऱ्यांपुढून असंच जातात.

"अगं, तिथं आहे कोण?"

"आजोबा," ती म्हणाली.

मी खो खो हसले आणि वर्गभर गंमत सांगितली. शहाणी ना मी!

पुढच्या मंगळवारी मी 'हाउ आर यू?' विचारलं. शिकवलेलं उत्तर सोडून ती म्हणाली, "मस्टन्ट ग्रंबल, डिअर." म्हणजे 'तक्रार करून काय उपयोग, बाळ'; असं इथले इंग्रज म्हातारेच बोलतात. कुणी शिकवलं विचारल्यावर तिनं तिच्या गावच्या अदबीनं, बोटाऐवजी अंगठ्यानं, खुर्ची दाखवली.

लायब्ररीतल्या बाई पुस्तकं लावता लावता थांबल्या. "तुमच्या आधी हा वर्ग घेणारे सर असंच म्हणायचे," त्या हळूच म्हणाल्या. "त्यांना जाऊन दोन वर्षं झाली."

मुलाखत पास झाल्यावर ती बिस्किटं घेऊन आली.

"आता सर एकटे पडणार," मी थट्टा केली, पण खुर्चीकडे बघायचं टाळून.

"नाही आंटी. ते म्हणतात, आता तुम्हाला शिकवायचंय. तुम्ही फार बोलता, ऐकत नाही."

हल्ली वर्गात मी मधेच गप्प होते. कुणाचं वाक्य अर्ध्यावर तुटायला नको.