मामीचा पिवळा पळस

फोन मामेभावाचा, प्रमोदचा होता. "दादा... आई गेली." मामी जाणार हे डॉक्टरांनी सांगून ठेवलंच होतं. मी लगेच निघालो. आर्णीच्या पुढे तिच्या गावाकडे वळलो तेव्हा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पळस फुललेला, नुसता लाल. आणि मामीच्या शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, एकच झाड पिवळं... अंगावर पान नाही, वरपासून खालपर्यंत हळदीसारखं पिवळं. ते झाड तसं भरून फुललेलं मी आयुष्यात पहिल्यांदा पाहत होतो. मला रडू आलं ते तिथे, घरी पोचल्यावर नाही.

कारण मामीनं ते झाड कधी भरून फुलूच दिलं नव्हतं. पिवळ्या पळसाची साल तिजोरीत ठेवली की पैसा येतो, मुळी उशाशी घेतली की गुप्तधन दिसतं, असं आमच्याकडे भल्याभल्यांच्या डोक्यात बसलेलं आहे. आदल्या संध्याकाळी झाडाला पिवळे तांदूळ वाहून नेवता, म्हणजे आमंत्रण, द्यायचा आणि सकाळी साल काढायची, अशी रीत. म्हणजे सोलायचं, तेही मानपान करून! माहेरच्या गावात असं एक झाड लोकांनी सोलून सोलून वाळवलेलं मामीनं पाहिलं होतं. म्हणून होळीच्या आधी कळ्या धरल्या की ती लांब बांबूची आकडी घेऊन निघायची आणि त्या काळ्या मखमली कळ्या उमलायच्या आत पाडून टाकायची. फुलं नसली की पळस कोणता पिवळा, कोणता लाल, कोणाला कळतं?

"काहून पाडून राह्यली वं मामी? फुलू दे ना," मी एकदा म्हणालो.

"फुललं का मेलं समज. लोकायले फूल नाही दिसत बाप्पा, तिजोरी दिसते."

विहिरीच्या बाजूची, रस्त्यावरून न दिसणारी एक फांदी तेवढी ती राखायची. मामी तशी तोंडाची फटकळ, चहात साखर कमी पडली तरी घर डोक्यावर घ्यायची. त्या फांदीखाली भाकर खाताना मात्र गप्प... आमची बौद्धांची घरं. देव, भगत, उतारे, सगळं आजोबांच्या पिढीनंच घराबाहेर काढलेलं, आणि याचा मामीला भारी ताठा होता.

यंदा माघात ती यवतमाळला दवाखान्यात पडून होती. भेटायला गेलं की एकच घोशा, "कळ्या पाडल्या का रे?" प्रमोद, तिचा एकुलता एक, तिच्या हातावर हात ठेवून म्हणाला, "पाडल्या आई. म्याच पाडल्या." मलाही खरं वाटलं. पाडल्या कसल्या! पठ्ठ्यानं फुललेल्या झाडापुढे उभं राहून फोटो काढला आणि मोबाइलवर सगळ्या गावाला दाखवला. हे मला तिच्या अंत्ययात्रेत कळलं.

मामीच्या जलदान विधीला, दिवसांच्या जेवणाला, परत गेलो तोवर माणसाच्या उंचीपर्यंत झाडाचं अंग उघडं पडलं होतं. मुळ्या उकरलेल्या, फुलं पायाखाली. परगावचे चोर असते तर शिव्या तरी देता आल्या असत्या. ही आमचीच माणसं होती, बुद्धवंदना म्हणून, पंगतीत जेवून उठलेली, हात धुऊन सरळ धुऱ्याकडे जाणारी. मला इतका संताप आला की जेवण गेलं नाही. निघताना प्रमोदनं वर्तमानपत्रात गुंडाळलेला सालीचा तुकडा माझ्या हातात कोंबला.

"लोकायनं अर्धं नेलंच दादा. मंग म्या म्हटलं, आपुनच काहून मांगं राहावं? आईची आठवण म्हणून ठिवजो."

फेकून द्यायला हात उचलला होता. पण झाड आता वाळणार, मामीचं एवढंच उरणार... घेऊन आलो. इतके आठवडे तो तुकडा माझ्या टेबलावर होता. परवा दिसला नाही. शोधला तर बायकोच्या कपाटात, दागिन्यांच्या डब्याशेजारी, लाल कापडात गुंडाळलेला.

"राहू द्या ना," ती म्हणाली. "काय बिघडते?"

मामी असती तर काय बिघडतं ते तिनं तोंड भरून शिव्या देत सांगितलं असतं. मी कपाटाचं दार लोटलं.