निळी बदकं आणि आत्याचा साबण

माझी आत्या लाँड्री चालवते. अंगाने भरदार, आवाजाने त्याहून भरदार, आणि माझे बाबा तिला अजून 'चिमे' म्हणतात. डाग पाहून ती माणूस ओळखते. "खिशाजवळ शाई? म्हणजे टोपण लावायचा आळस," असं गिऱ्हाइकाला तोंडावर सांगते. तरी गिऱ्हाइकं येतात ती तिच्या साबणासाठी. काळपट, दाट, लिंबाच्या सालीच्या वासाचा. तो ती मागच्या खोलीत स्वतः घोटते आणि कृती कुणाला सांगत नाही. मलासुद्धा नाही. मी काय परकी आहे?

लाँड्रीच्या मागे ओढा आहे, ओढ्यात बदकं. त्या वर्षी दर रविवारी दुपारनंतर ओढ्यावर फेस यायला लागला. बदकांच्या नुसत्या माना दिसायच्या. मग मासे उलटे तरंगायला लागले. ओढ्याकाठी साबणाचं काम करणारी एकटी आत्या. झालं! चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला लोकांना कितीसा वेळ लागतो?

बाबा ओढा बचाव समितीचे अध्यक्ष. रविवारी सकाळी गमबूट चढवून ते समितीबरोबर ओढ्यातला कचरा काढतात. अशाच एका रविवारी त्यांनी आठ दिवसांनी येणाऱ्या सोमवारची सभा बोलावली आणि लाँड्री बंद करायचा ठराव स्वतःच मांडायचं ठरवलं. "बहीण म्हणून सोडली, असं कुणी म्हणायला नको," ते जेवताना म्हणाले. मला इतका राग आला की मी ताटावरून उठले आणि तडक आत्याकडे गेले.

आत्या काठावर उकिडवी बसून फेस हुंगत होती. "साबण माझाच आहे गं," ती म्हणाली. तिचा चेहरा पार उतरला होता. नवरा गेल्यावर याच साबणावर तिने घर चालवलं होतं, दुसरं काही तिला येत नव्हतं. तिच्या मोरीचं पाणी मैलापाण्याच्या पाइपात जातं, ओढ्यात नाही. पण पाइप फुटला असला तर?

"बघूच," ती म्हणाली. पांढऱ्या कपड्यांची नीळ तिने बादलीभर कालवली आणि मोरीत ओतली. मी ओढ्यावर डोळे फाडून उभी. पाणी जसंच्या तसं! मी धावत जाऊन सांगितलं, तशी आत्या मटकन स्टुलावर बसली आणि रडली. मग नाक पुसून माझ्याबरोबर बाबांकडे आली.

बाबा म्हणाले, "ओतलीस तू, पाहिलं तुझ्या भाचीने. समिती असला पुरावा मानत नाही, चिमे."

भाची म्हणे! अध्यक्ष झाले की मी त्यांची मुलगी आहे हेसुद्धा विसरतात.

परतताना आत्या वाटेत एकदम थांबली. "माझा साबण लाँड्रीबाहेर जातो कुणाकडे?"

"आमच्याकडेच. बाबा दर शनिवारी डबा भरून नेतात ना?" मी म्हटलं आणि माझीच जीभ अडखळली. घरात तो साबण मी कधी पाहिलाच नव्हता.

त्या शनिवारी आत्याने बाबांच्या डब्यात चांगली नीळ घोटली. काळपट साबणात ती कुणाला दिसते? "निळीने बदकांना काही होत नाही," ती म्हणाली. "दादाचं सांगता येत नाही."

रविवारी आम्ही दोघी पुलावर थांबलो. समितीने कचरा काढला आणि गमबूट, हातमोजे, घमेली घेऊन सगळे वर रस्त्यावर आले. आपली घाण ओढ्यात धुवायची नाही, हा बाबांचा कडक नियम. म्हणून ते सगळं रस्त्याकडेच्या गटाराच्या जाळीवर धुतात, साबण ओतून, वर नळी सोडून. जाळीतलं पाणी पुढे कुठे जातं, हे त्यांच्यातल्या एकानेही वाकून पाहिलं नव्हतं.

आम्ही पाहिलं. पुलाखालच्या गटाराच्या पाइपातून निळा फेस भसाभसा ओढ्यात पडला. बदकं निळी झाली. वर समितीचे हात कोपरापर्यंत निळे. बाबांनी घाम पुसला आणि टक्कलही निळं करून घेतलं. मी पुलाच्या कठड्याला धरून हसत सुटले. आत्या हसली नाही.

सोमवारी निळ्या टकलाने बाबा सभेत उभे राहिले. चूक आपली होती, असं त्यांनी सरळ सांगितलं. ठराव मागे घेतला आणि जाळीवरचं धुणंही बंद केलं. मग ते धुवायचे गमबूट घेऊन लाँड्रीत आले.

"चुकलो, चिमे."

"लोकांचं सोड रे," आत्या म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला होता. "तू एकदा आत येऊन विचारायचंस ना, दादा. ठराव कसला मांडतोस? मला फार लागलं ते."

बाबांनी गमबूट खाली ठेवले. आत्याने त्यांचे हात ओढून नळाखाली धरले आणि ब्रश घेतला.

"निघत नाहीये गं," थोड्या वेळाने बाबा म्हणाले.

"ठाऊक आहे मला," आत्या म्हणाली आणि घासत राहिली.